इंजिनाच्या बाजूचा माणूस

त्याच्या दुकानात शिरताना आधी खाली बघावं लागायचं. मला हे ठाऊक नव्हतं. मी आपला ट्रक रस्त्याच्या कडेला लावला आणि तरातरा आत गेलो, तर कोपऱ्यातून आवाज आला, "आवं मालक, कोयना तुडवून आलात की!"

खाली बघितलं. कोब्यावर खडूनं लांबच लांब रेघा मारलेल्या, मधे मधे टिंबं, आणि माझ्या चपलेखाली निळ्या खडूची एक रेघ फिसकटलेली. ती कोयना. म्हणजे मी कराडच्या पुलावर उभा होतो.

"आता तसंच मागं फिरा, आन् तिकडं भिंतीच्या कडंनं वळसा घालून या. तिकडं रान मोकळं हाय."

माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढं. घरात धाकटा असलो तरी गावात मला कुणी मागं फिर म्हणत नव्हतं. तरी मी मागं फिरलो आणि भिंतीच्या कडेनं वळसा घालून त्याच्यापर्यंत गेलो. का गेलो, ते मला अजून कळलेलं नाही. त्या माणसाच्या बाबतीत मला पुष्कळ गोष्टी कळलेल्या नाहीत. मी फार शिकलेला नाही, पण न शिकल्यामुळं कळलं नाही असंही नाही. शिकलेल्या लोकांनासुद्धा तो कळत नव्हता.

उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही मिस्त्रीच म्हणत आलो. फौजेत गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करून आलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली पाने लहानापासून मोठ्यापर्यंत असे ओळीनं टांगलेले, की एक जरी जागेवर नसला तरी दातपडक्या तोंडासारखं दिसायचं. अंगात पांढरा सदरा, पांढरी विजार. त्या कपड्यांवर तेलाचा एक डाग मी कधी बघितला नाही. गॅरेजवाला आणि डाग नाही, याचं कारण सोपं होतं. तो गाडीला हात लावायचाच नाही. स्टुलावर बसायचा आणि मालकाला नाहीतर ड्रायव्हरला कामाला लावायचा.

"डोकं माझं, हात तुमचे," म्हणायचा. "हात काळं व्हायला लागलं की मंग माणूस खरं बोलाय लागतो."

आणि दुसरं एक म्हणायचा. गाडी आली की ड्रायव्हर तक्रार सुरू करायचा, हिला पिकअप नाही, ही लोड घेत नाही, ही डिझेल खाते. मिस्त्री हात वर करायचा. "थांबा. मी इंजिनाच्या बाजूचा माणूस हाय. तुमची बाजू घ्यायला तुमी हायसा. त्या बिचाऱ्याला कोण हाय?"

काय झालं, असं तो कधी विचारायचा नाही. कुठं झालं, असं विचारायचा. कुठल्या गावापाशी, कुठल्या पुलाच्या अलीकडं, कुठल्या वळणावर. मग उठून खडूनं त्या गाडीचा रस्ता कोब्यावर काढायचा आणि जिथं गाडी दमली तिथं एक नट ठेवायचा. एकाच वेळी तीन-चार गाड्यांचे रस्ते असायचे, एकमेकांवरून गेलेले, वेगवेगळ्या रंगाचे. गाडी बरी झाली की त्या ड्रायव्हरनंच ओल्या फडक्यानं आपला रस्ता पुसायचा. बाकीच्यांनी त्यावरून चालायचं नाही. चहावाला सुद्धा किटली घेऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "मिस्त्री, आज कुठनं येऊ?"

आता आमच्या ट्रकचं सांगतो.

आम्ही विट्याच्या पलीकडचे. पिढ्यान् पिढ्या मेंढरामागं फिरलेलो. आण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मेंढरांत खूश होता. मीच त्याच्या मागं लागलो. चारा राहिला नाही, रानं बांधाबांधानं अडली, कुठवर फिरायचं? सगळा कळप विकू आणि एक जुना ट्रक घेऊ. आण्णा नको म्हणत होता. मी सहा महिने हट्ट धरला. शेवटी कळप विकला. शेवटची मेंढी गाडीत चढवताना आण्णा पलीकडं तोंड करून उभा राहिला, आणि मी घ्यायच्या ट्रकला आरसे कुठले लावायचे ते ठरवत होतो. तेव्हा ट्रक बिघडणं म्हणजे माझ्या घरात काय होतं, ते ध्यानात घ्या. ट्रक जुना, दोन हात फिरून आमच्याकडं आलेला. पण चांगला चालला. आष्ट्याला पेंडेची पोती भरायची, ती मेढ्याच्या पुढं डोंगरातल्या गावांना न्यायची, येताना भात आणायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं दम टाकायला सुरुवात केली. मेढ्याच्या पुढचा घाट तिसऱ्या गियरात चढणारी गाडी पहिल्यात रडायला लागली. मागं काळा धूर एवढा, की मागचे मोटारसायकलवाले तोंडाला रुमाल बांधून शिव्या द्यायचे. कराडात पंप काढून तपासला. नोजल बदलले. डिझेलची टाकी धुतली, फिल्टर बदलला. एकजण म्हणाला रिंगा गेल्या, एकजण म्हणाला इंजिनच उतरवा. आणि गंमत अशी, की घराकडं आणून कुणाला दाखवावी तर गाडी घोड्यासारखी पळायची. आमच्याकडचा चढ भरल्या गाडीनं झर्रकन् चढायची. बघणारा माझ्याकडं बघायचा.

आण्णा काही बोलायचा नाही. एकदाच बोलला, तेही जेवताना, ताटाकडं बघून. "मेंढरं चढावर कवा थांबली न्हाईत रं."

मग कुणीतरी उंब्रजच्या मिस्त्रीचं नाव सांगितलं, आणि आण्णाला बरोबर घेऊन मी गाडी तिकडं नेली.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इंजिन ज्या डबड्यातून हवा ओढतं, ते एअर क्लीनर, त्याच्या तोंडाशी आत मी घोंगड्याचा एक तुकडा बसवला होता. गोल कापून, कडा शिवून, बेताचा. आमच्याकडची धूळ म्हणजे पीठच. ती इंजिनात जाऊन रिंगा खाते हे मी ऐकलं होतं. लोकर धूळ जशी धरते तशी जाळी धरत नाही, हे मला सांगायला कुणी लागत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात त्याचा असा गुण आला, की मला माझाच अभिमान वाटला. पण बोललो कुणाला नाही. ट्रकच्या अड्ड्यावर मला आधीच "मेंढरं हाकणारा" म्हणून चिडवायचे. हॉर्न वाजवला की बें बें करायचे. त्यात घोंगडं सांगितलं असतं तर झालंच. म्हणून एअर क्लीनर मी दुसऱ्याला उघडू द्यायचो नाही. कोण हात घालायला लागला की म्हणायचो, ते मी सकाळीच धुतलंय.

आणि त्या तुकड्याचा काही दोष असेल, असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. हे खरं सांगतो. लपवलं होतं ते लाजेनं, अपराध म्हणून नाही.

मिस्त्रीनं पहिल्या दिवशी काय केलं? पांढरं धुतलेलं फडकं काढलं, मला म्हणाला, "सायलेन्सरच्या तोंडावर धरा आन् तुमच्या भावाला रेस द्यायला सांगा." फडकं त्यानं उजेडात धरून बघितलं, वास घेतला, कपाळाला लावायचंच बाकी ठेवलं. अशी फडकी दुकानात तारेवर चिमट्यानं टांगलेली असायची, प्रत्येकावर गाडीचा नंबर लिहिलेला. घरात धुणं वाळत घातल्यासारखी, फक्त काळी.

"त्याल न्हाई. पाणी न्हाई. नुसती काजळी. जेवण पोटभर मिळतंय आन् वारा कमी पडतोय," म्हणाला. आणि माझ्याकडं वळला. "एअर क्लीनर कोण बगतं?"

"मी सोता. माझ्या हातचं हाय. साफ हाय."

"एकदाच इचारतो. मालकानं सांगितलं ते मी खरं धरून चालतो."

"धरा की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही, पण आण्णानं इंजिन बंद केलं तरी बघतच होता. मग स्टुलावर बसला, मांडीवर थाप मारली आणि हसला. "मंग मला कळत न्हाई! लय झ्याक. आता मजा हाय."

एखाद्याच्या पुढं मटणाचं ताट आल्यावर जसा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता. मी चक्रावलो. मिस्त्री माणूस कधी असं म्हणतो का? आमच्या घरात मी धाकटा, आणि धाकट्यानं एकदा कळत नाही म्हटलं की पुढं त्याचं कुणी ऐकत नाही. म्हणून मी ते जन्मात म्हणालो नव्हतो. आणि हा माणूस ते मोठ्यानं, चार ड्रायव्हरांदेखत, हात चोळत म्हणत होता. आण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्येला काय येतंय का न्हाई?"

"येतंय," मी म्हणालो. मलाही ठाऊक नव्हतं.

हिरव्या खडूनं आमचा रस्ता निघाला. आष्ट्यापासून पेठ नाक्यावरून कराड, उंब्रज, सातारा, मेढा. घर तिकडं दूर विट्याच्या पलीकडं, ते टिंब दाराच्या उंबऱ्यापाशी आलं. मी जागा सांगत गेलो आणि तो नट ठेवत गेला. सगळे नट मेढ्याच्या अंगाला गोळा झाले. दाराकडं एकही नाही.

"घराकडचा चढ चढती?"

"झ्याक."

"तिकडचा न्हाई?"

"न्हाई."

"मंजे चढाचा दोष न्हाई. मुलखाचा हाय."

"मुलखाचा कसला दोष आलाय, मिस्त्री?"

"त्येच कळत न्हाई. तिकडं काय हाय जे तुमच्याकडं न्हाई?"

"पाणी," आण्णा म्हणाला.

"आन् तुमच्याकडं काय हाय जे तिकडं न्हाई?"

"कुसळं," आण्णा म्हणाला. तो कधी थट्टा करत नसे, पण त्या दिवशी सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. त्यानं खडू घेतला आणि कोब्यावर एका बाजूला पाणी लिहिलं, दुसऱ्या बाजूला कुसळं. आणि ते दोन शब्द किती तरी वेळ बघत बसला.

दुपारचं जेवण तो नेहमी दुरुस्तीला आलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून करायचा. त्या दिवशी आमच्या ट्रकात चढला. भाकरी मांडीवर, कांदा डॅशबोर्डवर. मी खाली उभा. विचारलं, "मिस्त्री, हितं का जेवताय?"

"ज्याचं दुखनं काढायचं त्याच्या घरचं पानी प्यावं," म्हणाला, आणि आमच्या पाण्याच्या कॅनमधून पाणी प्याला. मग सीटवर हात फिरवून म्हणाला, "गाडीला जपता तुमी. लय जपता." मला ते बरं वाटलं. आता वाटतं, ते कशावरून म्हणाला असेल?

पुढच्या खेपेला तो आमच्याबरोबर आला. केबिनमध्ये नाही, मागं पोत्यांवर बसून. इंजिनाचा आवाज पुढून सगळ्यांनाच येतो, मागून काय म्हणतंय ते ऐकायचंय, म्हणाला. आणि झालं असं, की त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आठ दिवस धरलेला पाऊस उघडला. घाट आला, मी गियर बदलायला हात घातला, आणि गाडी तिसऱ्यात सरळ वर. धूर नाही, रडणं नाही. वर पोचल्यावर मिस्त्री ताडपत्रीवरून घसरत खाली आला आणि म्हणाला, "मालक, आज हितं नट ठेवायचा न्हाई?"

"न्हाई."

"आज काय येगळं केलं?"

"काय न्हाई, आयशप्पत."

"लय झ्याक!"

मी त्याच्यावर ओरडलो. म्हणालो, तुमाला झ्याक वाटतंय, माझ्या घरात भाऊ बोलायचा थांबलाय. गाडी बिघडलेली कळली तर इलाज करता येईल, ही तर बिघडती बी न्हाई आणि चालत बी न्हाई. तो ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "तुमी माझ्यावर वराडा. इंजिनावर न्हाई. ते खोटं बोलत न्हाई."

पुढच्या दोन खेपांना गाडी परत घाटात दमली. तेव्हा आण्णानं ठरवलं. त्यानं मला विचारलं नाही. कराडकडचा एक भंगारवाला उंब्रजला गाडी बघायला आला, आणि त्यानं कलिंगड बघतात तशी बोटानं बॉडी वाजवून बघितली. आण्णा म्हणाला, आता एक खेप करू. मी बी येतो, मिस्त्री बी येऊ द्या. परत आल्यावर मिस्त्री म्हणाला की गाडी बरी हुईल, तर ठेवू. न्हाई म्हणाला तर गाडी हितंच ह्या भंगारवाल्याच्या ताब्यात. कापू दे. मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो? आधी मेंढरं गेली होती माझ्या हट्टापायी.

त्या दिवशी मेढ्याच्या पुढं धुकं एवढं, की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. अर्ध्या घाटात पहिल्या गियरमध्ये गाडी थांबली. मागच्या चाकाला दगड लावला. वळणावर चहाची टपरी होती, आण्णा आणि मिस्त्री तिथं जाऊन बसले. मी गाडीपाशीच राहिलो. गार वारा होता. मी अंगावरचं घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि तोंडावर ओढलं.

आणि मला श्वास येईना.

घोंगडं विणून झालं की त्याला चिंचोक्याची खळ देतात. भांड्यात शिजवून, कुंच्यानं लावून, उन्हात वाळवतात. मग ते कडक होतं. आणि ओल लागली की ती खळ फुगते, विणीची भोकं बुजून जातात, म्हणून तर घोंगड्याखालचा माणूस पावसात भिजत नाही. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत. आख्खे पावसाळे मी त्याच्याखाली काढलेत. आणि तेच घोंगडं मी इंजिनाच्या नाकावर बांधलं होतं. इंजिन घाटात धुकं ओढत होतं, खळ फुगत होती, वारा बंद. घराकडं आलं की ऊन, तुकडा वाळला, वारा चालू. जेवण पोटभर आणि वारा कमी. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी टपरीकडं बघितलं. धुक्यात दोघांच्या नुसत्या आकृत्या दिसत होत्या. तिथं जाऊन सांगायला वीस पावलं होती. आण्णापुढं सांगायचं, की कळप मी घालवला आणि गाडीही मीच गुदमरवली. बापजाद्याच्या लोकरीनं.

मी नाही गेलो. पाणी बघतो असं ओरडलो, बॉनेट उघडलं, तुकडा काढला आणि सदऱ्याच्या आत घातला. पोटाला गार, ओला, चिकट लागला.

मग दोघं आले, दगड काढला, आणि गाडी भरल्या लोडनं घाट अशी चढली की आण्णानं दाराची दांडी धरली. मिस्त्री माझ्या शेजारी बसला होता. दुसरा टाकला, तिसरा टाकला. त्याची मान हळूहळू माझ्याकडं वळत होती, हे मला न बघता कळत होतं.

"थांबवा," म्हणाला.

खाली उतरला. खिशातून पांढरं फडकं काढलं. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर तरी, त्यानं स्वतः सायलेन्सरवर धरलं. मी रेस दिली. फडक्याला उगीच राखेची झाक. ते त्यानं घडी करून खिशात ठेवलं.

आण्णानं विचारलं, "काय झालं मिस्त्री? बरी झाली?"

"झाली."

"कायमची?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कायमची." हे मी का म्हणालो? मिस्त्रीला विचारलं होतं, मला नाही.

"कुणी केली?" आण्णानं परत मिस्त्रीलाच विचारलं.

"मी न्हाई," मिस्त्री म्हणाला. "मला कळलं न्हाई. हिच्यात मी हरलो."

गाडी वाचली. भंगारवाला रिकामा गेला. आण्णा दोन दिवसांनी माझ्याशी नीट बोलायला लागला. मिस्त्रीनं मजुरी घेतली नाही, न केलेल्या कामाची घेत नाही म्हणाला. आणि इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण तो माणूस गप्प बसेना.

आपण हरलो हे त्यानं सगळ्या रस्त्याला सांगितलं. पेठ नाक्यावर मला एक ड्रायव्हर भेटला, म्हणाला, "तुजी गाडी मिस्त्रीला उमगली न्हाई म्हणं?" साताऱ्यात एकजण म्हणाला, "उंब्रजच्याचं डोकं गेलं गड्या, सोताच सांगत सुटलाय." काही जणांनी गाड्या दुसरीकडं न्यायला सुरुवात केली. तारेवरची फडकी कमी झाली. मी ऐकत होतो आणि हॉर्न वाजवून पुढं जात होतो.

पण पुढं जाणंही सोपं नव्हतं. माझा हॉर्न ऐकला की तो खडू हातात घेऊन रस्त्यावर यायचा. हात दाखवायचा. थांबावं लागायचं. आणि एकच प्रश्न विचारायचा. "त्या दिवशी वारा कुठल्या अंगाचा हुता?" दुसऱ्या खेपेला, "टपरीपाशी गाडी किती येळ उभी हुती?" एकदा म्हणाला, "पाणी बगायला बॉनेट उघडलं तवा पाणी कमी हुतं का?"

"थोडं कमी हुतं."

"आस्सं," म्हणाला आणि आत गेला.

बाकीचे रस्ते पुसले जायचे, आमचा हिरवा पुसला नाही. फिकट झाला की तो परत गिरवायचा. मी एकदा म्हणालो, मिस्त्री, पुसू का आता? तर म्हणाला, "गाडी बरी झाली. माझं दुखनं तसंच हाय." हे तो मला टोचून बोलत होता, की खरंच शोधत होता? मला सांगायला वाट करून देत होता, की मला माहीत असलेलं त्याला माहीत नव्हतं? मी गाडी चालवताना यावर इतका विचार केलाय, की दोनदा फाटा चुकलोय. एकदा वाटायचं, ह्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मग वाटायचं, ठाऊक असतं तर गिऱ्हाईक जाईपर्यंत कोण गप्प बसेल? आणि मग वाटायचं, तो बसेल.

अशी चार-पाच वर्षं गेली. रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. मोजणीवाले खुणा करून गेले, मिस्त्रीचं दुकान खुणेच्या आत आलं. मी भात भरून येत होतो, बघितलं तर पत्रे उतरवलेले. कोबा उघडा. त्यावर आमचा हिरवा रस्ता उन्हात तसाच, आणि माणसं त्यावरून सामान वाहून नेत होती. कोण वळसा घालत नव्हतं. मी गाडी थांबवली.

मिस्त्री समोरच्या चहाच्या हॉटेलात बाकड्यावर बसला होता. कपडे पांढरेच, पण अंग वाळलेलं. हॉटेलात ड्रायव्हर होते, गावचे चार-सहा होते. मी त्याच्या शेजारी बसलो. आण्णा त्या खेपेला बरोबर होता, तो पलीकडच्या बाकावर चहा घेत होता. मी ठरवून गेलो नव्हतो. पण तो कोबा बघितला आणि गप्प बसवेना.

त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "मिस्त्री, घोंगड्याचा तुकडा हुता."

"काय म्हणालात?"

"एअर क्लीनरमधी. घोंगड्याचा तुकडा हुता. मी बसवलेला."

त्यानं कानामागं हात धरला. "मोठ्यानं सांगा, मालक. इंजिनापाशी जन्म गेला, कान ऱ्हायलं न्हाईत."

मी मोठ्यानं सांगितलं. शेजारचे दोघं वळून बघायला लागले. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

"कुणी बसवलेला?"

"मी!"

"खळ दिल्यालं घोंगडं, का बिनखळीचं?"

"खळ दिल्यालं! धुक्यात फुगलं आन् वारा बंद झाला! त्या दिवशी घाटात मीच काढलं आन् सदऱ्यात लपवलं!"

पलीकडं आण्णाचा कप बशीत टेकला, तो आवाज मला आला. मी तिकडं बघितलं नाही. मिस्त्री पुढं बघत होता. त्याचे ओठ हलत होते, जसा कोणी हिशेब मनात परत करतो. मग म्हणाला, "मंजे इंजिनाचा काय दोष न्हवता."

"न्हवता."

"तिळभर न्हवता."

"न्हवता, मिस्त्री."

त्यानं बाकड्यावर दोन्ही तळवे टेकले. इतकं समाधान मी माणसाच्या तोंडावर क्वचित बघितलंय. मला वाटलं, झालं, सुटलो. उठायला लागलो. तेवढ्यात बाहेरून एक भरलेला ट्रक साताऱ्याकडं गेला. मिस्त्रीची पाठ रस्त्याकडं होती. त्यानं मान वळवली नाही, चहाचा घोट घेतला आणि आपल्याशीच म्हणाला, "तिसऱ्या सिलेंडरचा नोजल टिपकतोय हिच्या."

मी तसाच अर्धवट उभा राहिलो.

त्यानं कप ठेवला. परत कानामागं हात धरला, माझ्याकडं वळला आणि आण्णा बसला होता त्या बाजूला हळूच नजर टाकून म्हणाला, "हां मालक, काय सांगत हुतात? कशाचा तुकडा?"

हॉटेलातले सगळे माझ्याकडं बघत होते. आण्णाही बघत होता. मी खाली बसलो, आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, परत सांगायला सुरुवात केली.